रुमालाखालचा नळ

कराडच्या आमच्या व्यापारी संघटनेने माझा पंपांचा गाळा बहुमताने मुतारीशेजारी हलवला, त्याच आठवड्यात मी भावासाठी बैल घ्यायला काष्टीला निघालो. विरोधात एकच मत पडलं, माझं. त्यामुळे एसटीत शेजारच्याने खिडकी लावू का विचारलं तरी मी भांडायला तयार होतो. दौंड सुटलं, भीमा ओलांडली आणि दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला.

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात तोंडाने भाव कोणी बोलत नाही. दोघे रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून किंमत सांगतात. बबनराव नावाच्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याची बोटं मी इतकी कमी दाबली की त्यांनी हातच बाहेर काढला.

"पाव्हणं, कराडात बैल झाडाला लागत्यात का?"

तासाभराने सौदा जमला. ठरलेली जोडी त्यांच्या गावी गोठ्यात होती, म्हणून मी त्यांच्याबरोबर गेलो. रात्री त्यांच्या घरी शिपी आमटी (डाळीच्या पाण्याची जाळ आमटी) खाल्ली, नाकाडोळ्यांतून पाणी काढलं आणि सकाळी कळलं की बबनराव गावचे सरपंच आहेत आणि ग्रामसभा उरकल्याशिवाय बैल सुटणार नाहीत.

सभा लिंबाखाली होती. विषय गावाबाहेरच्या पारधी वस्तीला नळ देण्याचा. तिथल्या बायका अजून लोकांच्या विहिरीवर शिव्या खात पाणी भरत होत्या. वस्तीची सुमनबाई सतरंजीच्या कडेला उभी राहिली.

"नळ द्या, पन त्यावर मतदान घेऊ नका. पानी, स्मशान आन रहिवासाचा दाखला, ह्या तीन गोष्टींवर गावानं मत द्यायचं न्हाई, ही आमच्या पारध्यांच्या संघटनेची मागनी हाय."

ज्यांच्या उसातून पाईप जाणार होता ते तात्या हसले. "मत नको तर लोकशाही कशाला म्हनायची? उद्या म्हनशील सरपंच बी निवडू नका."

"सरपंच निवडा की. आमी बी निवडतो. पन तुमच्या घरच्या नळाला कुनी हात वर केल्ता, तात्या?"

याआधी दोनदा हात वर करून मतदान झालं होतं. तात्यांच्या डोळ्यांदेखत वस्तीच्या बाजूने एकही गावकरी हात वर करत नव्हता. मी पाहुणा, गप्प बसायला हवं होतं. पण बहुमताची गोष्ट निघाली की माझं डोकं फिरतं.

"बैलाचा भाव रुमालाखाली करता आणि पाण्याचा उघड्यावर?" मी म्हणालो.

ग्रामसेवक म्हणाले, चिठ्ठ्या घेऊ. मागून कोणीतरी म्हणालं, "गावात सगळ्यांचं अक्षर सगळ्यांना ठावं हाय." बबनरावांनी खांद्यावरचा रुमाल काढला. होकाराला एक बोट, नकाराला मूठ. रांग लागली. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. बबनरावांच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं. आयुष्य बाजारात गेलेला माणूस.

शेवटी ते म्हणाले, "नळ द्यायचा."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. बोट देणारे आपण एकटेच, असं बहुतेकांना वाटलं असावं. मी मिशीवर हात फिरवत सुमनबाईंच्या आभारांची वाट बघत होतो.

"पाव्हणं, तुमी कशाला मधी पडला?" ती म्हणाली.

"अहो, जिंकलात की."

"आज रुमालाखाली दिलं, उद्या रुमालाखालीच काढतील. मंग तुमाला कराडवरनं बोलवू का?"

माझा पारा चढला. "तुम्हाला पाणी हवंय की भांडण?"

"पानी हवंय. उपकार नको."

ग्रामसेवकांनी ठराव वाचला, 'बहुमताने मंजूर'. ती म्हणाली, बहुमत खोडा. ते म्हणाले, खोडलं तर तालुक्याला हा ठराव कोणी धरणार नाही. तिने मागे बघितलं. वस्तीच्या दोघी रिकामे हंडे घेऊन थांबल्या होत्या. तिने पेन घेतला, सही केली आणि खाली लिहिलं, 'पानी आमचंच हुतं. मत आमाला न इचारता घेतलं.'

"इथे असं लिहायची जागा नाही," ग्रामसेवक म्हणाले.

"मंग कुठं हाय?"

ग्रामसेवक शाई वाळवत बसले.

परतताना टेम्पोत बैलांशेजारी उभा राहून मी दौंडपर्यंत मनातल्या मनात तिच्याशी भांडलो. मत घ्यायचं नाही तर ठरवणार कोण? सरपंच? ती? मी? मग आठवलं की कुठल्याही सौद्यात मी आधी विचारतो, यातलं विकायचं नाही असं काय आहे? ते बाजूला काढलं की मग खुशाल बोटं दाबा. ती एवढंच मागत होती, आणि मी मोठा शहाणा तिचं पाणी बाजारात उभं करून आलो होतो.

गेल्या आठवड्यात बबनरावांचा फोन आला. वस्तीवर पाणी पोचलं. लगेच तात्यांनी नळ बंद करायचा ठराव मांडला.

"मग मतदान घेतलं?"

"न्हाई घेतलं. म्हनलं, हा विषय मताचा न्हाई."

"कोणत्या नियमाने?"

"ते ग्रामसेवक हुडकतोय," बबनराव म्हणाले. "तवर पानी चालू हाय."