ओसरीची मूठ

वडीलधाऱ्या बाईला आम्ही मिझो पी म्हणतो, पुरुषाला पू. आमच्या पी दारथंगीकडे कुणी लहानपणीचा फोटो मागितला, की ती सरळ चर्चचा फोटो दाखवायची. कुणा वेल्श पाद्रीसाहेबांनी काढलेला, पिवळा पडलेला. डोंगराच्या सोंडेवर उभं आमचं प्रेस्बिटेरियन चर्च: फळ्यांच्या भिंती, टोकदार कमानींच्या खिडक्या, पत्र्याचं उतरतं छप्पर, घंटेचा ठेंगणा मनोरा. बायकांचं दार वेगळं, पुरुषांचं वेगळं, आणि दोन्ही दारांपुढे लाकडी खांबांवर तोललेली लांबलचक ओसरी. ओसरीत एक बाई पाठमोरी बसलेली. ती माझी आई, पी सांगायची, आणि तिच्या पुढ्यात दूध पितेय ती मी. दिसत नाही म्हणून काय झालं, फोटोत आहे ना. तिच्याशी वाद घालायची गावात कुणाची टाप नव्हती.

पुढे तिला स्वतःची सात पोरं झाली. पाठीशी बांधलेलं पोर रडलं, की ती ओसरीत. प्रवचन दारातून ऐकायचं, पावसाची झड आली की खांबाआड सरकायचं. पाद्रीबाबांचं तोंड मला चाळिशीनंतर दिसलं, असं ती हसत सांगे. तिथेच तिच्या मैत्रिणी झाल्या, दोन सुना तिने तिथेच हेरल्या.

आमच्या मिझो घरांत भात टाकताना बाई एक मूठ तांदूळ चर्चसाठी बाजूला काढते; ते विकून आलेला पैसा चर्चच्या कामी लागतो. हे तांदूळ घरोघरून गोळा करायचं काम पीचं आणि माझं. टोपली माझ्या पाठीवर, तोंड तिचं.

जुन्या चर्चचे खांब कुजले, तेव्हा नवं बांधायचं ठरलं. आइजोलच्या इंजिनिअरने नकाशा आणला. भलंमोठं सिमेंटचं चर्च, मनोरा जुन्याच्या तिप्पट, आणि ओसरीच्या जागी मोटारी लावायची फरशी. पी फोटो घेऊन समितीपुढे गेली. लेकुरवाळ्या बायकांनी कुठे जायचं, रस्त्यावर? समितीत सगळे बाप्येच. अध्यक्ष पू थांगखूमा तसे भले गृहस्थ, पण मोटार त्यांनी नुकतीच घेतली होती. ओसरीचा वाढीव खर्च चर्चला झेपायचा नाही, म्हणाले. फोटोकडे त्यांनी नीट पाहिलंसुद्धा नाही. मला असा राग आला!

पी मात्र फोटो घेऊन घरी गेली. दुसऱ्या दिवशी पहिल्याच घरी तिने सांगितलं, "एक मूठ नेहमीची. जमलं तर आणखी एक, ओसरीची. वेगळ्या डब्यात ठेव."

पावसाळाभर आम्ही दोन टोपल्या घेऊन हिंडलो. माझी पाठ पार कामातून गेली. थांगखूमांच्या घरी त्यांची बायको पी रोकुंगी दोन्ही टोपल्यांत तांदूळ ओतायची आणि दार लावून घ्यायची. मीही कुठे बोलले नाही.

पिकं निघाल्यावर, इंजिनिअर आलेला असताना, समितीच्या बैठकीत आम्ही बायकांनी पोती नेऊन रचली. भिंत दिसेना. चर्चला दिलेली मूठ ज्या कामासाठी दिली त्याच कामाला लागते, आणि ती परत करायची तर आमच्यात रीतच नाही. थांगखूमा पोत्यांभोवती फिरले, एक उचलून बघितलं.

"एवढे तांदूळ आले कुठून?" त्यांनी विचारलं.

"घराघरातून," पी म्हणाली.

"माझ्या घरून नसतील आले."

मागच्या बाकावरून पी रोकुंगी उठली. "मावियाचे बाबा, पावसाळाभर तुम्ही रोज विचारताय ना, आज भात कमी कसा म्हणून?"

सगळ्यांनी थांगखूमांकडे पाहिलं. मग थांगखूमाच हसायला लागले, पोट धरून, आणि सगळी बैठक त्यांच्यामागे. डोळे पुसत त्यांनी पीच्या हातातला फोटो मागून घेतला, खिडकीच्या उजेडात धरला.

"यात तू कुठेशी आहेस म्हणालीस?"

पीने पाठमोऱ्या बाईवर बोट ठेवलं. "हिच्या मांडीवर. आत रडत होते, म्हणून हिने बाहेर आणलं."

त्यांनी बोटाने ओसरीचे खांब मोजले. मग फोटो इंजिनिअरपुढे ठेवून म्हणाले, "ओसरी एवढीच लांब हवी. मोटार मी खाली शाळेपाशी लावीन."

पी मटकन बाकावर बसली आणि सगळ्यांदेखत रडली. एवढ्या आनंदाने रडलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. मग नाक पुसून ती पी रोकुंगीला म्हणाली, "आता ह्यांना पोटभर वाढ बाई."