क्रमहॉर्नमधल्या अक्षता

ताईचा हट्ट साधा होता. मुलीच्या लग्नात रेकॉर्डवरची सनई नको, समोर माणसाने वाजवलेली हवी. आता इथे परदेशात, पोरिरुआत सनईवाला कुठून आणायचा? मग तिने माझ्याकडे पाहिलं.

मी इथल्या एका हौशी गटात क्रमहॉर्न वाजवते. युरोपातलं जुनंपुराणं, आता कुणाच्या लक्षातही नसलेलं वाद्य. खालचं टोक छत्रीच्या मुठीसारखं वर वळलेलं, पत्ती टोपणात झाकलेली, सूर जेमतेम सप्तकभर. पण आवाज असा नाकातला, की डोळे मिटले तर सनईची लांबची बहीण वाटावी.

"चालेल," ताई म्हणाली. "पण अंतरपाट दूर झाला की वाजलंच पाहिजे हं. तो क्षण मुका जायला नको."

हॉल म्हणजे जुनं चर्च, हल्ली कार्यांना भाड्याने देतात. गॅलरीतला ऑर्गन तसाच होता. आमच्या गटातल्या एक आजी तिथे बसल्या, मला नुसता सा धरून द्यायला. तालीम झकास झाली. तालमीत अक्षता नव्हत्या, एवढंच.

मंगलाष्टकं सुरू झाली. मी वाद्य सरसावून वधूवरांच्या अगदी शेजारी उभी. प्रत्येक 'सावधान'ला वऱ्हाडी मूठमूठ अक्षता उधळत होते. नेम धरणं आपल्या लोकांना ठाऊकच नाही. आणि माझ्या वाद्याचं तोंड वर!

अंतरपाट दूर झाला. मी फुंकलं, तर आतून नुसती गुरगुर. पुन्हा फुंकलं, तेच. ताईची मान माझ्याकडे वळली.

तेवढ्यात वरून माझीच धून सुरू झाली. आजींनी ऑर्गनची क्रमहॉर्न नावाची खुंटी ओढली होती. ती ओढली की नळ्यांची एक अख्खी रांग याच वाद्याच्या आवाजात बोलते. तोच नाकातला सूर, पण छतापर्यंत भरलेला. हार पडले, टाळ्या झाल्या. माझा जीव असा भांड्यात पडला की मी तिथेच खुर्चीत मटकन बसले. वर पाहिलं तर आजी अंगठा दाखवून ओरडत होत्या, "स्वीट अ‍ॅज!" म्हणजे इथल्या बोलीत 'एकदम झकास!'

ताई डोळे पुसत आली.

"मी नाही गं वाजवलं," मी म्हटलं. "वरच्या आजींनी."

"माणसानेच ना? मग झालं तर!"

मी क्रमहॉर्न ओंजळीत उलटा केला. भरपूर तांदूळ निघाले. माझ्या अक्षता टाकायच्या राहिल्याच होत्या, त्या मी वधूवरांच्या डोक्यावर टाकल्या.