नॉर्मंडच्या ट्यूबांचा क्रम

नॉर्मंड कोतेने एकतीस वर्षं बुटांच्या कारखान्यात तळवे चिकटवले आणि दर रविवारी चर्चहून आल्यावर चित्रं काढली. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या आमच्या या गावात त्याची चित्रं बँकेत आहेत, न्हाव्याकडे आहेत, माझ्या जेवणघरातही एक आहे, गोठलेल्या नदीचं. बायकोचं, जनीनचं, चित्र मात्र त्याने कधी काढलं नव्हतं.

गेल्या मार्चमध्ये जनीन शेवटच्या आजारात खिडकीशी बसलेली असायची. एकदा माझ्यासमोरच म्हणाली, "नदी काढलीस, गिरणी काढलीस, ड्यूबेची गायसुद्धा काढलीस. माझं तोंड काय गाईपेक्षा वाईट आहे?"

"गाय गप्प उभी राहायची," नॉर्मंड म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी त्याने कॅनव्हास लावला. डॉक्टरांनी जनीनला ईस्टरपर्यंतची मुदत दिली होती. नॉर्मंडच्या नजरेत मधोमध डाग पडला होता, सगळे रंग राखाडी दिसत. रंगाच्या ट्यूबा तो केक भाजायच्या ट्रेमध्ये ठरलेल्या जागी ठेवायचा आणि बोटांनी मोजून उचलायचा. हे मला नंतर कळलं; तोवर त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

शेजारीण म्हणून मी रोज वाटाण्याचं सूप न्यायचे. गुरुवारी दोघांना डुलकी लागली होती. मी टेबल पुसलं, ट्यूबा स्वच्छ केल्या आणि फिक्यापासून गडदपर्यंत ओळीने लावल्या. शाळेत सिस्टरांनी लावलेली सवय.

शनिवारी चेहरा पुरा झाला. गाल शेवाळासारखे हिरवे होते. जनीनने मान तिरकी करून पाहिलं.

"अगदी मीच," ती म्हणाली. मग मला जवळ ओढून पुटपुटली, "त्याला कळू देऊ नकोस."

सोमवारी ती गेली. नॉर्मंडला ते चित्र शवपेटीशेजारी ठेवायचं होतं. सगळं गाव अंत्यदर्शनाला रांगेने येणार होतं. मी जनीनला दिलेला शब्द मोडला, गालांचा रंग चुकलाय म्हणाले, आणि ट्यूबा मी हलवल्याचंही सांगितलं.

तो खुर्चीत बसला.

"कुठला रंग?"

"हिरवा."

"तिने पाहिला?"

"पाहिला."

"आणि म्हणाली, अगदी मीच." त्याने चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं. "ट्यूबा होत्या तशा लाव. दफन बुधवारी आहे, तोवर पुन्हा काढतो. तिचे गाल बोटांना पाठ आहेत माझ्या."

मी ट्रे पुढे ओढला, ट्यूबा बाहेर काढल्या, पण जुना क्रम आठवेना. घरी जाऊन माझ्या रोजनिशीतलं गुरुवारचं पानही काढून पाहिलं. सुपात मीठ कमी पडल्याचं त्यात लिहिलं आहे. टेबल आवरल्याचंही. कुठली ट्यूब कुठे होती, ते नाही.

"तुलाच आठवत असेल, नॉर्मंड," मी परत येऊन म्हणाले.

"बोटांना आठवायचं, मला नाही," तो म्हणाला, आणि रिकाम्या ट्रेवरून हात फिरवत राहिला.