नडगीचं हाड आणि अठरा हजारांचे बूट

"नेमकं कुठं दुखतंय, दाखव."

तेजस्विनीनं नडगीवर एक बोट टेकवलं. एकच बोट. मला ते आवडलं नाही.

नवीन पळायला लागलेल्यांची नडगी दुखतेच. पण ते दुखणं पसरलेलं असतं, पेशंट सगळा हात फिरवून दाखवतो. एका बोटानं दाखवलेलं दुखणं हाडाचं असू शकतं. मी त्या जागेवर अंगठ्यानं दाबलं, तशी ती टेबलावर ताडकन उठून बसली.

"आता त्याच पायावर एक उडी मार."

"न्हाय जमायचं मॅडम."

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझा दवाखाना आहे. त्या काळात दर सोमवारी सकाळी मी शहराबाहेरच्या एका पोलीस भरती अकॅडमीतही जायचे, मुलामुलींची दुखणी बघायला. तेजस्विनी तिथलीच. शिरोळजवळच्या गावातली, एकोणीस वर्षांची. भरतीची मैदानी परीक्षा अडीच महिन्यांवर आली होती. मुलींना आठशे मीटर पळावं लागतं आणि ती तिच्या बॅचमध्ये सगळ्यांत वेगवान होती.

"बूट कुठले घालतेस?"

तिनं पिशवीतून काढून दिले. चकचकीत नारिंगी, अठरा हजारांचे. तळ चांगला जाड, आणि त्या जाड फोमच्या पोटात कार्बनची कडक पट्टी. अशी पट्टी पायाला पुढं ढकलते. शर्यतीच्या दिवशी चार सेकंद वाचवायचे असतील तर ती कामाची. पण बूट वाकत नाही, म्हणजे पायाचं नेहमीचं काम बदलतं. हाडांवर, स्नायूंवर भार वेगळ्या जागी पडायला लागतो. त्याची सवय हळूहळू करावी लागते.

"शर्यतीपुरते घालतेस ना?"

"न्हाय की, रोज. सकाळ-संध्याकाळ. सरांनी कंपल्सरी केल्यात. आधी साध्या बुटात पळत होतो, तवा काय सुद्धा दुखत नव्हतं."

आमच्या कोल्हापूरच्या मुली स्वतःबद्दल 'पळतो', 'जातो' असंच बोलतात.

बोलता बोलता आणखी एक गोष्ट कळली. नवे बूट आल्यावर सरांनी तिचं रोजचं पळणं एकदम दुप्पट केलं होतं, तेही डांबरी रस्त्यावर. म्हणजे गुन्हेगार एकटे बूट नव्हते. पण 'बूट भारी आहेत, काही होत नाही' या भरवशावरच अंतर वाढवलं होतं.

एमआरआय केला. स्ट्रेस रिअ‍ॅक्शन. म्हणजे हाडाला तडा गेलेला नाही, पण असंच पळत राहिली तर जाणार. सहा आठवडे पळणं बंद, असं मी रिपोर्टात लिहून दिलं आणि कारणांत बूटही लिहिले.

दुसऱ्याच दिवशी अकॅडमीच्या जाधव सरांनी बोलावून घेतलं. तेच संचालक. शिस्तीचा माणूस, आवाज मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जाणारा.

"मॅडम, सहा आठवडे? पोरगी माझी टॉपर हाय."

"म्हणूनच सांगते. आत्ता थांबली तर परीक्षेला उभी राहील."

"बरं, ते ऱ्हाऊ द्या. रिपोर्टात बुटाचं कशाला लिहिलंय? तेवढं काढा."

"का काढू?"

"रविवारी पालकांची मीटिंग हाय. नव्या बॅचला हेच बूट सांगणार हाय मी. तुम्हीबी दोन शब्द बोला. डॉक्टर बोलल्या म्हणजे लोकांना पटतं."

इथं मी एक कबूल केलं पाहिजे. त्या बुटांची सक्ती करणारी नोटीस मी चार महिन्यांपूर्वीच अकॅडमीच्या फळ्यावर वाचली होती. तेव्हा वाटलं, आपला काय संबंध? आपण दुखणं बघावं आणि घरी जावं. मी गप्प बसले होते. आता त्या गप्प बसण्याचा एमआरआय माझ्या हातात होता.

"बोलते की," मी म्हणाले.

रविवारी हॉल भरला होता. कागल, मलकापूर, शिरोळ, सगळीकडून पालक आले होते. सरांनी बुटाची जोडी टेबलावर ठेवली आणि माईक माझ्याकडे दिला. मी बूट हातात घेतला आणि दोन्ही टोकांनी वाकवून दाखवायला गेले. तो वाकला नाही.

"हा बूट वाईट नाही," मी म्हणाले. "शर्यतीचा आहे. रोजच्या सरावाला तो लागत नाही. रोजच्यासाठी पायाला नीट बसणारा, बोटांना जागा देणारा, न टोचणारा साधा बूट पुरतो. तो झिजला की बदला. आणि पळण्याचं अंतर हळूहळू वाढवा. महाग बूट घातला म्हणून हाड मजबूत होत नाही."

सर माईककडे झेपावलेच. "मॅडम, तुमचा विषय दुखण्यापुरता हाय. ट्रेनिंगचं आम्ही बघतो."

"दुखण्याबद्दलच बोलतेय, सर."

तेवढ्यात मधल्या रांगेतून एक बाई उभी राहिली. तेजस्विनीची आई, सुमनताई. घरी चार म्हशी, दुधाचा धंदा. माईकची तिला गरजच नव्हती.

"ओ सर, माझ्या पोरीचा पाय ह्याच बुटानं दुखाय लागलाय. आन तुम्ही घरी फोन करून सांगितलासा, सरावाचा कंटाळा आलाय तिला म्हणून? ती कंटाळणारी हाय व्हय? पाटं चारला उठून धारा काढून पळाय जात होती ती!"

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मलकापूरच्या एका वडिलांनी विचारलं, "मग सक्ती हाय का न्हाय, तेवढं सांगा की." सरांनी घड्याळाकडे बघितलं. चहाची वेळ झाली म्हणून मीटिंग संपवली.

संध्याकाळी मला मेसेज आला. सोमवारपासून येऊ नये. मी 'ठीक आहे' लिहिलं. रिपोर्टातलं एक अक्षर बदललं नाही. घरी नवरा म्हणाला, "जरा गोडीत सांगायचं होतंस." गोडीत सांगायची वेळ चार महिन्यांपूर्वीच होऊन गेली होती.

तेजस्विनीनं अकॅडमी सोडली आणि घरून माझ्याकडे येऊ लागली. पहिले काही आठवडे फक्त सायकल आणि पोटऱ्यांचे व्यायाम. मग चालणं. मग एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं. ती चिडायची.

"मॅडम, ह्येला पळणं म्हणत्यात व्हय? म्हातारी माणसं फुडं जात्यात माझ्या."

"जाऊ देत. त्यांना भरती व्हायचं नाही."

मैदानी परीक्षेला ती तिचे आधीचेच साधे, जुने बूट घालून पळाली. तिच्या गटात दुसरी आली आणि मैदानात पास झाली. पाय दुखला नाही.

लेखी परीक्षेत दोन मार्कांनी राहिली.

हे गोड करून सांगता येणार नाही. आठवडाभर ती पळायला गेली नाही. जाधव सरांना मात्र बोलायला विषय मिळाला. माझं ऐकून पोरीनं बूट सोडले आणि वर्ष घालवलं, असं त्यांनी चार जणांना सांगितलं. माझ्यापर्यंत ते आलं तेव्हा मी एवढंच म्हणाले की लेखी परीक्षा बसून देतात.

आता ती पुढच्या भरतीची तयारी करतेय. सकाळी पळते, दुपारी गणितं सोडवते. अकॅडमीत दुसऱ्या फिजिओथेरपिस्ट येतात. बुटांची सक्ती अजून आहे की नाही मला माहीत नाही, पण तिथले पालक पोरांना घेऊन दवाखान्यात येतात आणि आधी बूट माझ्या टेबलावर ठेवतात.

त्या सगळ्यांना मी एकच सांगते. दुखणारी जागा एका बोटानं दाखवता येत असेल, तर बुटाच्या दुकानात जाऊ नका.