जासईची खाडी आणि सातवी नळी

आणि दादा, 'चिखल काय आपल्या परतूरला नव्हता?' हे आता पुन्हा फोनवर म्हणू नकोस. तिथल्या चिखलाचा पगार कोण देणार होतं? आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला ऐरोलीच्या लॅबमध्ये चिखलाचे नमुने आणायचं काम मिळालंय. त्यात फिरायला मिळतं, तर मी ते इथं ब्लॉगवर लिहिणारच.

बाकीच्यांसाठी: जासईची खाडी बघायची असेल तर ओहोटीची वेळ आधी काढा. ऐरोलीहून बाईकवर दीड तास धरा. बेलापूर सोडून उरण रस्त्याला लागलं की कंटेनरचे ट्रेलर सुरू होतात, त्यांच्या डाव्या बाजूनं घुसू नका. गावात तांदळाची भाकरी आणि सुकट ऐंशी रुपयांत मिळतं.

लॅबच्या प्रमुख स्नेहा मॅडमनी बर्फाच्या डब्यात सात नळ्या दिल्या होत्या. सहांमध्ये चिखल भरायचा. सातवीत आधीच शुद्ध पाणी. ती तिथं मिनिटभर उघडायची, बंद करायची, परत आणायची. का, ते मी विचारलं नाही.

चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडणारा एक काका ओरडला, "तिकडं पाय नको टाकू रं, गुडघाभर हाय!" तोवर टाकला होता. सातवी नळी उघडी होती, ती सांडली. मी माझ्या बाटलीतलं पाणी भरून झाकण लावलं. पाणी ते पाणी.

लॅबमध्ये रुख्सार चिखल औषधात घालून यंत्रावर हलवते, गरगर फिरवते आणि जिवाणूंचा डीएनए वेगळा काढते. मग मशीन तो वाचतं, आणि विनीत कॉम्प्युटरवर जुळवून कोणता जिवाणू ते सांगतो. आठवडाभरानं मी बर्फ घेऊन आत गेलो, तर तिघं स्क्रीनसमोर उभे.

"सातव्या नळीत माणसाच्या तोंडातले जिवाणू आहेत, तेही ढिगानं," विनीत म्हणाला.

"रुख्सार, मास्क नव्हता लावला?" मॅडम.

"होता मॅडम, कसम से."

"मग ते चालत आले? ही नळी कोरी निघायला हवी होती. आता बाकी सहांवर तरी विश्वास कसा ठेवायचा? तुला नोकरीत पक्कं करायचं पत्र मी थांबवतेय."

मी बाटलीला तोंड लावून पितो. हे तिथं फक्त मला माहीत होतं. गप्प राहिलो असतो तर कुणाला कळलं नसतं.

"मॅडम," मी म्हणालो, "ते तोंड माझंय."

विनीत हसला. मॅडम हसल्या नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "परत जा. पेट्रोल तुझं, दिवस बिनपगारी."

दुसऱ्या वेळी डबा रुख्सारनं हातात दिला. "तहान लागली तर तू पी. नळीला पाजू नकोस."

या खेपेला आधी घट्ट जागा शोधली, नळ्या भरल्या, सातवी मनात साठ मोजून बंद केली. सुकट खाल्लं नाही, सरळ परत. पुढच्या आठवड्यात विनीतनं मला स्क्रीन दाखवली. सहा नळ्यांत खारट चिखलातले जिवाणू, नावं संपेनात. सातवीत जवळजवळ काही नाही. रुख्सारचं पत्र सोमवारी निघालं. तिनं माझे आभार मानले नाहीत, आणि मानायचं कारणही नव्हतं.

आता खोलीवर बसून लिहितोय. पँटचा चिखल दोन धुण्यांत गेला. मॅडम तिला बोलत होत्या तेव्हा मी हातात बर्फ धरून थोडा वेळ नुसता उभा होतो, ते मात्र जात नाही. जासईला जा, चांगली जागा आहे.

दादा, पैसे दर महिन्यापेक्षा कमी का, ते आईला तू वाचून दाखव. चार हजार शंभर पाठवतोय.