कौशल्यामावशीचा मुरमाचा खड्डा

कौशल्यामावशीच्या खड्ड्यात कचरा टाकायला माझाच ट्रॅक्टर लागतो, म्हणून गावातले लोक मलाच विचारतात, "अकील, म्हातारी येडी झाली का बे?" मी सांगतो, तुमच्यापेक्षा तिचं डोकं ठिकाणावर आहे. जाम राग येतो मला या लोकांचा.

दुसरबीडच्या अलीकडे, मोठ्या रस्त्याला लागून तिचं नि तिच्या नवऱ्याचं, तुळशीरामकाकांचं शेत. रस्ता झाला तेव्हा भरावासाठी शेतातला मुरूम नेला. वरची माती बाजूला ठेवू, नंतर परत पसरवून देऊ, असं ठेकेदार बोलला होता. मातीही गेली आणि ठेकेदारही. राहिला तो घर बुडेल एवढा खड्डा.

एक कोपरा तेवढा शाबूत होता, कारण मावशी पोकलेनसमोर आडवी झाली होती. तिथे बांधावर एक साधा दगड होता. तिचं पहिलं लेकरू, नाव ठेवायच्या आधीच गेलेलं, त्या दगडाखाली होतं. त्यांच्यात इतक्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. पुरायला एकटा बाप गेला होता. ती बाळंतीण, खाटेवर होती.

दर पावसात कोपऱ्याची कड ढासळायची आणि खड्डा दगडाकडे सरकायचा. कड धरून ठेवायला मुळं हवीत, मुळांना माती हवी. म्हणून मी चिखलीच्या जिनिंगमधला कचरा आणायचो, सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा आणायचो, साखर कारखान्याची मळी आणायचो. ती थर पसरायची, शेणाचं पाणी शिंपडायची, कुजू द्यायची. मग ताग पेरायचा आणि फुलावर आला की तिथेच गाडायचा. मळीचा वास डोक्यात जायचा. पण एकदा त्या उघड्या मुरमावर गांडूळ निघालं, तेव्हा मावशीने ते तळहातावर घेऊन मला दाखवलं आणि लहान पोरीसारखी हसली.

"लवकर वत रे," ती एरवी ओरडायची. "पाऊस त्याले घेऊन जाईन!"

काका कधी खड्ड्यात उतरले नाहीत. बांधावर बसून रस्त्याकडे बघत राहायचे. मला वाटायचं, माणूस आळशी आहे.

यंदा श्रावणात कोपरा कोसळलाच. मी पोचलो तेव्हा दगड खाली पडला होता आणि मावशी उघड्या पडलेल्या कडेवरून हात फिरवत होती. एकदा खणलेली जमीन पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. दगडाच्या जागेखाली मुरमाचे थर वरपासून खालपर्यंत सलग होते. तिथे कुणी कधी खणलंच नव्हतं.

"काऊन हो?" तिने नवऱ्याला विचारलं. "इथं काऊन नाही तो?"

काका तिच्याकडे न बघता म्हणाले, "दगड वखराले आडवा यायचा. म्या उचलून बांधावर ठेवला. तुले सांगाची हिंमत झाली नाही." मग त्यांनी बोट दाखवलं, खड्ड्याच्या मधोमध. "मशीन आली, तवाबी हिंमत नाही झाली."

वर रस्त्यावरून गाड्या सुसाट जात होत्या. मावशीने रस्त्याच्या भरावाकडे बघितलं. मी मनातल्या मनात फातिहा पढलो.

वाटलं, संपलं सगळं. पण थोड्या दिवसांनी निरोप आला, मळी घेऊन ये. गेलो तर काका खड्ड्यात फावडं घेऊन उभे. दोघं एकमेकांशी बोलत नव्हती.

"आता कशाले, मावशी?"

"रोडखाली गेला का इथंच राह्यला, कोनाले माहीत? इथं असन, तर उघडा पडला असन न रे."

कचरा आणायला आता तीही माझ्यासोबत येते. चिखलीला जाताना मोठ्या रस्त्याच्या पुलाशी ती ट्रॅक्टर थांबवायला लावते. उतरते, भरावाला हात लावून येते.

आणि खड्ड्यावर ट्रॉली उचलली की आता ती ओरडत नाही. खाली उभी राहून दोन्ही हात वर करते.

"हळू टाक, अकील," म्हणते. "हळू."