शेजारच्या सरांचा कॉम्प्युटर

विश्रामबागेत आमच्या शेजारी इंजिनिअरिंग कॉलेजातले एक सर राहायचे. सत्तरचं दशक सरत आलं होतं. कॉलेजला कॉम्प्युटर हवा होता. कंपनीचा तयार घ्यायचा की सुटे भाग आणून आपणच जुळवायचा, यावर बैठकीत वाद झाला. दूधवाल्याशीही खाली मान घालून बोलणारे हे सर तिथं एकदम म्हणाले, "मी जुळवतो."

त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. मुंबईहून मागवलेल्या चिपला हात लावण्याआधी ते दर वेळी मोरीतल्या लोखंडी नळाला हात लावून येत, अंगातली वीज उतरावी म्हणून. कुंपणापाशी मला गाठून विचारत, "कंपनीचाच बरा होता, नाही का? तो बिघडला तर दोष कंपनीचा. हा बिघडला तर..." पुढचं वाक्य ते कधीच पुरं करत नसत. 

एका रविवारी प्राचार्य सरांच्या घरी तो कॉम्प्युटर बघायला यायचे होते. चालला नाही, तर कंपनीला ऑर्डर जाणार होती. सकाळी मी गेलो, तर सर घराकडे पाठ करून अंगणात उभे. जोडणी झाली होती, लाल आकडे उमटले की तो चालला असं समजायचं, पण बटण दाबायला त्यांचा हात धजत नव्हता.

आतून वहिनींनी विचारलं, "आवं, मी दाबू का?"

बटणाचा आवाज आला.

"जळल्याचा वास येतोय का?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"न्हाई. लाल आकडं उमटल्यात. या की बघायला."

सर वळलेच नाहीत. माझं मनगट घट्ट धरून म्हणाले, "आधी तुम्ही बघून या."